लढाईतून परतलेला ट्रक

मंडळी, इतिहासाच्या पुस्तकात लढाई आली की तिच्याबरोबर तोफ येते, तलवार येते. अलीकडची लढाई असली तर रणगाडा नि विमान येते. शिधा, पाणी, दारूगोळा, तंबू आणि जखमी माणसे कशावर लादून नेली, याची ओळ मात्र फारशी सापडत नाही. जुन्या काळी लष्करामागून वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य घेऊन चालत. ते थांबले की लष्कर थांबे. पण पोवाडा झाला तो सरदाराचा. तांड्याचा कुणी केला नाही. दुसऱ्या महायुद्धात बैलांच्या त्या तांड्यांची जागा ट्रकने घेतली आणि त्याच्या वाट्यालाही तेच आले. आज मी तुम्हाला अशाच एका ट्रकची हकीकत सांगणार आहे. तो कुठे जन्मला, आपल्याकडे कसा आला, इतकी वर्षे कसा टिकला, आणि एखादा अजून कुठे सापडलाच तर तो पुन्हा उभा कसा करावा, हे सारे ओघाने येईल.

हा ट्रक दिसायला मोठा चमत्कारिक. नाक चपटे, जणू कुणी पुढून ठोसा मारून आत बसवले आहे. पुढची काच उलटी झुकलेली. म्हणजे वरची कड पुढे आणि खालची मागे. आपल्या नेहमीच्या गाड्यांत काच मागे कललेली असते, इथे सारे उफराटे! पण त्यालाही कारण होते. काचेवर ऊन चमकले तर ती चमक वर उडणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाला दिसते. काच पुढे झुकवली की चमक जमिनीकडे जाते. नाक चपटे केले तेही जागा वाचवण्यासाठी. गाडीची लांबी तीच ठेवून पुढचा भाग आखूड केला की मागचा हौदा लांब मिळतो, आणि जहाजात गाड्याही जास्त मावतात. बिचाऱ्या ड्रायव्हरच्या गुडघ्यांचे काय झाले ते मात्र विचारू नका. इंजिन जवळजवळ त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेले असे.

या ट्रकचे नाव कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न. कॅनडात फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन कंपन्यांच्या शाखा होत्या, एक विंडसर गावात आणि दुसरी ओशावाला. बाजारात त्या एकमेकींच्या हाडवैरी. पण ब्रिटिश लष्कराने घालून दिलेल्या नमुन्यावर दोघींनी एकच ट्रक बनवला. इंजिन ज्याचे त्याचे. पण ड्रायव्हरची कॅबिन, चाके, हौदा आणि असे पुष्कळ भाग एकाचे दुसऱ्याला बसत. १९४० च्या मे-जून महिन्यांत डंकर्कहून ब्रिटिश फौज कशीबशी समुद्र ओलांडून परतली, तेव्हा साठ हजारांहून अधिक वाहने फ्रान्सच्या किनाऱ्यावर टाकून यावी लागली. माणसे वाचली, पण सैन्य पायी झाले. ती उणीव भरून काढण्यात कॅनडाचा वाटा फार मोठा. युद्ध संपेपर्यंत त्या देशाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली आणि त्यांतली सुमारे निम्मी या पॅटर्नची होती. तेव्हा कॅनडाची वस्ती सव्वा कोटीही नव्हती, हे लक्षात घ्या.

आता शिक्षकबंधूंसाठी एक गंमत सांगतो, वर्गात कामाला येईल. या ट्रकचे नाव म्हणजे एक छोटे कोडे असते. सी ६० एल असे लिहिलेले असले, तर सी म्हणजे शेव्हरोले. एफ असता तर फोर्ड. साठ म्हणजे साठ हंड्रेडवेट भार. एक हंड्रेडवेट एकशे बारा पौंडांचा, तेव्हा साठांचे झाले तीन टन. एल म्हणजे लांब सांगाडा, एस म्हणजे आखूड. सी १५ ए हा धाकटा भाऊ, पंधरा हंड्रेडवेटचा. म्हणजे आपल्या मापाने साडेसातशे किलोंच्या थोडा वर. त्यातला ए सांगतो की चारही चाकांना इंजिनाची ओढ आहे. चिखलात मागची चाके फिरून फिरून खड्डा करतात तेव्हा पुढची ओढून काढतात. हे सुख किती मोठे, ते आषाढात गाडी रुतलेल्या माणसाला सांगायला नको.

हे ट्रक अख्खे जहाजात घालून पाठवीत नसत. सुटे भाग लाकडी पेट्यांत बसवून पाठवीत आणि उतरले तिथे जोडीत. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. फोर्डचेही मुंबईत काम होते. त्यामुळे सुट्या भागांच्या पेट्या फोडून गाडी उभी करण्याचा सराव मुंबईच्या कामगाराला युद्धाच्या आधीपासूनच होता. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यावर आपल्याकडच्या रेल्वे वर्कशॉपांत, टाटांच्या पोलादी पत्र्याचे चिलखत चढवून चिलखती गाड्या बनवल्या गेल्या. युद्धकाळात अशा चार हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्या आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश या आघाड्यांवर वापरल्या गेल्या. ज्या देशात तोपर्यंत मोटार पुरती बनत नव्हती, त्या देशातल्या लोहाराने आणि फिटरने हे काम केले.

आणि चालवणारे कोण? १९३९ साली हिंदी सैन्यात सुमारे दोन लाख माणसे होती; १९४५ पर्यंत ती संख्या पंचवीस लाखांपर्यंत गेली. यांतली बहुसंख्य मुले खेड्यांतली. ज्याने आयुष्यात बैलगाडीच्या कासऱ्याशिवाय काही हातात धरले नव्हते, त्याला क्लच, गिअर आणि ब्रेक शिकवून काही महिन्यांत तीन टनी गाडीवर बसवायचे. तीच मुले पुढे लिबियाच्या वाळवंटात आणि इंफाळच्या घाटात रात्री दिवे न लावता गाड्या हाकू लागली. इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे यांनी १९४४ साली आणि नामदेव जाधव यांनी १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवे. पण त्यांच्या पलटणींना गोळी आणि भाकरी पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरांचे नाव कुणाला येते? त्यांची नावे कागदोपत्री कुठे असतील तर असतील. माझ्या मते, त्यांच्या हाताखालून गेलेला एखादा ट्रक शिल्लक असेल तर तोच त्यांचा शिलालेख समजावा.

गाड्या वाढल्या तशा दुरुस्तीच्या खटपटीही वाढल्या. १९४३ साली सैन्यात विद्युत आणि यांत्रिकी अभियंत्यांचे दल वेगळे उभे राहिले, ते आजचे ई. एम. ई. या दलात फिटर, वेल्डर, टर्नर अशी हजारो माणसे शिकून तयार झाली. युद्ध संपल्यावर यांतली कितीतरी माणसे घरी आली आणि हातातली विद्या गावात घेऊन आली. तालुक्याच्या स्टँडजवळ झाडाखाली पान्ह्यांची पेटी मांडून बसणाऱ्या जुन्या मिस्त्रीला तुम्ही विचारले असते की वस्ताद, शिकलात कुठे, तर ‘मिलिटरीत’ असे उत्तर हमखास मिळण्याचा एक काळ होता.

आता मुख्य प्रश्न. चार-पाच वर्षांच्या धामधुमीसाठी बनवलेला हा ट्रक पुढे तीस-चाळीस वर्षे चालला कसा? माझे उत्तर असे की तो उत्तम होता म्हणून नव्हे, तर दुरुस्त होण्याजोगा होता म्हणून. शेव्हरोलेचे दोनशे सोळा घनइंची, सहा सिलिंडरचे इंजिन बघा. हेच इंजिन त्या कंपनीच्या साध्या मोटारींत आणि मालगाड्यांत होते. त्यामुळे लष्कराने काडीमोड घेतला तरी बाजाराने घेतला नाही, भाग मिळत राहिले. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगात नवे कवच आणून बसवायचे नसते. कथील, अँटिमनी, तांबे अशा धातूंचा मऊ मिश्रधातू, ज्याला मिस्त्री बॅबिट म्हणतात, तो वितळवून जागेवर ओततात. मग दांड्यावर निळा रंग लावायचा, बेरिंग बसवून फिरवायचे, उघडून पाहायचे. जिथे रंग लागला तो उंचवटा पात्याने तासायचा. पुन्हा लावायचे, पुन्हा तासायचे. बेरिंगच्या दोन अर्धुकांमध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. बेरिंग झिजून खडखडू लागले की एक शिम काढायची, जागा आवळून येते. याला काय लागते? एक भट्टी, एक पाते, चांगली नजर आणि घाई नसलेला माणूस. कुंभार जसा मडक्याला बोटाने टिचकी मारून ओळखतो, तसा चांगला मिस्त्री बेरिंग हाताने हलवून ओळखी. ठिणगीचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा त्याला पाढ्यासारखा पाठ असे.

फोर्डचे व्ही-आठ इंजिन जोरात जरा वरचढ, पण तापट. जळालेला गरम धूर इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यातूनच बाहेर जातो, त्यामुळे पाणी लवकर उकळते. आपल्याकडच्या वैशाखात त्याची आणि ड्रायव्हरची परीक्षाच. म्हणून पाण्याचा डबा नेहमी सोबत.

युद्ध संपले तेव्हा लष्कराजवळ गरजेपेक्षा फार जास्त वाहने उरली. ती विकायला काढली. लोकांच्या तोंडी शब्द बसला तो ‘डिस्पोजल’. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलचा तंबू आणि डिस्पोजलची गाडी! युद्धात पेट्रोलची इतकी टंचाई होती की सर्व्हिस मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या धुरावर चालत. अशा काळात लष्करातून सुटलेला धडधाकट ट्रक म्हणजे दुष्काळात सापडलेली विहीर. कुणी त्यावर लाकडी बॉडी चढवून प्रवासी बसवले, कुणी दगड, लाकूड, गूळ, कांदा लादला. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सरकारी एस. टी. ची पहिली गाडी सुटली. त्यापुढे सर्व्हिस मोटारींचे दिवस भरत आले, पण माल वाहणाऱ्यांचे नाही. शेजारच्या ब्रह्मदेशात तर नवल झाले. तिथे मागे राहिलेल्या शेव्हरोले ट्रकांवर लाकडी सांगाडे चढवून त्यांच्या बसगाड्या केल्या आणि एकविसावे शतक उजाडले तरी यांगूनच्या, म्हणजे जुन्या रंगूनच्या, रस्त्यांवर त्या धावत होत्या. आपल्या सैन्यात १९५९ साली जबलपूरला शक्तिमान ट्रक बनू लागले आणि महायुद्धातल्या गाड्या हळूहळू बाजूला झाल्या. खुद्द शक्तिमानही आता जुना झाला.

रणगाड्याचे नशीब बरे. अहिल्यानगरला १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय झाले, लांबून लोक बघायला जातात. ट्रक मात्र भंगारात वजनावर गेला.

समजा, तुमच्या पंचक्रोशीत एखाद्या जुन्या गिरणीमागे किंवा खडी फोडण्याच्या जागी असा एखादा चपट्या नाकाचा सांगाडा पडला आहे आणि कुणी हौशी माणूस तो उभा करायचे म्हणतो. तर त्याला माझी पहिली विनंती ही की हात लावू नका. आधी बघा. कॅबिनमध्ये धातूची एक छोटी पट्टी खिळलेली असते. तिच्यावर सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक असतो. तो कागदावर उतरवा, पट्टीला पॉलिश करू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग दरवाजाच्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पाणी लावून अगदी बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासा. वरचा रंग जाईल, खाली दुसरा दिसेल, त्याखाली तिसरा. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असतात ना, तसेच. सर्वांत वर शेवटच्या मालकाचा निळा किंवा तांबडा रंग असेल. सर्वांत खाली लष्कराचा तपकिरी खाकी किंवा काळपट हिरवा. कुठे एल या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा लांब आकडा सापडला तर तो लष्कराच्या गणतीतला नंबर, एल म्हणजे लॉरी. पुढच्या बाजूला पिवळ्या गोलात एखादा आकडा दिसला, तर समजा की हा गडी कोणत्या ताकदीच्या पुलावरून नेता येईल याची ती खूण आहे.

मोठी सँडपेपरची चकती यंत्राला लावून दोन तासांत सारा पत्रा लखलखीत करणारे लोक असतात. काम झटपट होते खरे, पण ऐंशी वर्षांची बखर पुसली जाते, आणि पुसलेली परत लिहिता येत नाही.

मग येतो वादाचा प्रश्न. गाडी कोणत्या काळातली करायची? हौशी मंडळी म्हणतात, लष्करातली. लगेच हिरवा रंग आणि दारावर पांढरा तारा. ज्या गाडीने तो तारा कधी ल्याला नाही, तिच्याही कपाळी तो मारतात. आता हिशेब करा. गाडी लष्करात असेल पाच वर्षे आणि तिने कांदा-गूळ वाहिला असेल तीस वर्षे. हौद्याच्या फळ्या गावच्या सुताराने बदललेल्या, मागचे पाटे वाढवून जास्त भार घेण्याची सोय केलेली, दारावर कुणाच्या आईचे नाव रंगवलेले. ही सारी भेसळ का? मला तसे वाटत नाही. त्या फळ्या म्हणजेही इतिहास आहे, आणि तोच आपला जास्त जवळचा. सड गेलेला पत्रा बदलावा लागतो, ब्रेक तर नवे करावेच लागतात. त्यात तडजोड नाही. पण जे बदलाल ते जुने फेकू नका, चिठ्ठी बांधून ठेवा, आणि नव्या भागावर कुठेतरी वर्ष कोरून ठेवा, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम झाले, त्यांतही मूळ रूप राखण्याची अट आहेच. आपल्या गाडीला ते लागू पडतात की नाही, ते आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, मगच खर्चात पडावे.

कामाच्या दोन-चार गोष्टी सांगतो, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. या ट्रकच्या चाकाची तबकडी दोन अर्धुकांची असते आणि तिच्यावर नटांचे दोन वेढे दिसतात. आतला वेढा चाक गाडीला धरतो. बाहेरचा वेढा ती दोन अर्धुके एकत्र धरतो. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर तबकडी तोफेच्या गोळ्यासारखी उडते. म्हणूनच ते नट लाल रंगवण्याची पद्धत होती; पण तो लाल रंग आता कधीच उडून गेलेला असणार. चाकाला पान्हा लावण्यापूर्वी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडा. दुसरे, जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असते. ती धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, छातीत बसली तर निघत नाही; ओल्या फडक्याने पुसा. तिसरे, बहुतेक गाड्यांची वीज सहा व्होल्टची आहे. बारा व्होल्टची बॅटरी लावली की दिवे गेलेच. चौथे पेट्रोलचे. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि बुचाच्या लाकडाच्या पॅकिंगा त्याने फुगतात, चिरतात आणि गळू लागतात. गळके पेट्रोल आणि तापलेले इंजिन शेजारी शेजारी! तेव्हा नळ्या आधी बदला.

जाम झालेले इंजिन दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करण्याचा मोह फार होतो. करू नका, गंजलेली रिंग तुटते, पिस्टन जातो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा आणि आठ दिवस विसरून जा. मग पुढून हँडल लावून अगदी थोडे पुढे, थोडे मागे असे हलवा. जोर नको, गाय पान्हवायला जेवढा वेळ देता तेवढा द्या. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याला वेढू नये. उलटा झटका बसला की मनगट मोडते. हे तुमच्या गावातल्या कुणा जुन्या ड्रायव्हरने तुम्हाला आधीच सांगितले असेल.

आणि असा ड्रायव्हर किंवा मिस्त्री हयात असेल तर शिक्षकांनी मुलांना त्याच्याकडे घेऊन जावे. गाडी कुणी घेतली, केवढ्याला, कोणत्या रस्त्याने जाई, कोणत्या घाटात बंद पडे, बेरिंग कुठे ओतून मिळे, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. जुने नोंदणीपुस्तक घरात असेल तर त्याची नक्कल करावी. हे ऐकणे-लिहिणे अजून शक्य आहे, ते गाडी रंगवण्याआधी झालेले बरे.

अखेर एक दिवस शेव्हरोलेचे इंजिन बोलू लागेल. त्या वेळी सगळ्यांचे डोळे तेलाच्या काट्यावर खिळतात. काटा जेमतेम पंधरापर्यंत चढतो आणि नवशिक्या मुलगा घाबरून इंजिन बंद करतो. घाबरू नये. या इंजिनात तेल पंपाच्या जोरावर सगळीकडे जात नाही. रॉडच्या टोकाला पळ्यांसारखे चमचे असतात, ते फिरताना खालच्या पन्हाळीतले तेल उचलून घेतात. म्हणून काटा खालीच असतो, त्याची प्रकृतीच तशी. तेल मात्र गाडी सपाट जागी उभी करून, पट्टी पुसून, पुन्हा बुडवून पाहावे, आणि कमी असेल तर आधी भरावे, मगच गाडी शेडबाहेर काढावी.